होबाक माझ्या पांघरुणात

माझ्या सुनेचा साप हरवला आणि चोर ठरले मी.

साप म्हणजे काही डोंगरातून आलेला नाही. दुकानातून विकत आणलेला, केशरी, हातभर लांब. नाव होबाक, म्हणजे भोपळा. आमच्या वॉन्जू शहराच्या थंडीत त्याच्या काचेच्या पेटीला दिवसरात्र दिवा, आणि मला मात्र सुनेचा, हेरीमचा उपदेश, "आई, अंगात दोन स्वेटर घाला ना, म्हणजे जमिनीखालून गरम पाणी इतकं फिरवायला नको." तो प्राणी मला डोळ्यांसमोर नको होता आणि मी ते कधी लपवलंही नाही.

रविवारी सकाळी पेटीचं झाकण सरकलेलं आणि आत कोणी नाही. हेरीमने सोफा उलटा केला, भाताचा कुकर हलवला, किमचीच्या, म्हणजे लोणच्याच्या, फ्रिजमागे टॉर्च मारला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कुठे टाकलात त्याला?"

"मी त्याच्या पेटीला बोटसुद्धा लावत नाही."

"बाल्कनीतून फेकलात ना? या बर्फात?"

"फेकायचा असता तर तुझ्यादेखत फेकला असता, बाई. मला कुणाची चोरी आहे?"

माझा मुलगा ग्युसोक मोज्यांकडे बघत उभा होता. "आई, हे रोजचंच झालंय," तो म्हणाला. "तू आता असं काही करायला लागलीस तर एका घरात राहणं कठीण आहे. चुनचॉनच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी आहे."

म्हणजे चौकशी आधीच करून झाली होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साप जिवंत सापडल्याशिवाय माझं घर माझं राहणार नव्हतं.

सोमवारी दोघं कामावर गेली. मी सिंकखालचं कपाट उघडलं. जमिनीखालून फिरणाऱ्या गरम पाण्याचे चार कॉक तिथे आहेत, प्रत्येक खोलीचा एक. तीन बंद केले. चौथा माझ्या खोलीचा, तो पूर्ण उघडला, कारण माझी खोली सगळ्यात लहान, पटकन तापते. जमिनीवर जाड रजई पसरली, दार उघडं ठेवलं आणि स्वतः कोट घालून स्वयंपाकघरात बसले. बाकीचं घर बर्फासारखं झालं. गारठलेला साप ऊब सोडून जाणार कुठे?

हेरीमला फोन करून सांगता आलं असतं. पण आमचं बोलणं बंद होतं, आणि मला तिचं पडलेलं तोंड समोर बघायचं होतं.

उन्हं कलताना तो निघाला. किमचीच्या फ्रिजखालूनच. मेला, तिथेच होता! सरपटत सरपटत माझ्या खोलीत गेला आणि रजईखाली शिरला. मी दार लावून घेतलं.

दोघं आली तशी मी त्यांना खोलीत नेलं आणि झटक्यात रजई उचलली. "घ्या तुमचा भोपळा!"

हेरीमचं तोंड पडलं नाही. तिने सापाला अलगद उचललं, हाताभोवती गुंडाळून घेतलं आणि नवऱ्याकडे वळली.

"बघितलंस? यांच्या अंथरुणात. काल आपण सगळं घर पालथं घातलं, तेव्हा लपवून बसल्या होत्या."

"अगं, मी सकाळी कॉक बंद केले. तो ऊब शोधत आला. घर किती गार आहे, बघ ना!"

"आता गोष्टी रचू नका, आई."

ग्युसोक स्वयंपाकघरात गेला, मी त्याच्या मागोमाग. त्याने कपाट उघडून कॉक पाहिले. त्याच्या बारावीच्या हिवाळ्यात मी हेच करायचे. बाकीच्या खोल्या बंद, फक्त त्याची अभ्यासाची खोली गरम. मी आणि त्याचे वडील कोट घालून झोपायचो. त्याला सगळं कळलं. त्याच्या झुकलेल्या मानेवरूनच मला ते दिसलं.

तो कपाटासमोर उकिडवा बसला. मग तिन्ही कॉक त्याने एकेक करून उघडले आणि कपाटाचं दार लावलं.

आत हेरीम सापाला विचारत होती, "गारठलास का रे राजा?"

ग्युसोक माझ्याजवळ आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, चुनचॉनच्या खोल्या चांगल्या उबदार असतात म्हणे."