ओत्तावियोची काळी ग्रिन्योलिनो

मी डूख धरणारी बाई आहे, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. माझा धाकटा भाऊ ओत्तावियो मात्र ते विसरला.

बाबा इस्पितळात असताना त्यानं त्यांची ग्रिन्योलिनो द्राक्षांची जुनी बाग उपटून तिथे फ्रेंच मेर्लो लावली. खपते म्हणून. रस्त्याकडेच्या चार ओळी तेवढ्या ठेवल्या, पाहुण्यांना दाखवायला. बाबा घरी आले, बाग बघितली आणि त्याच हिवाळ्यात गेले. डॉक्टर काहीही म्हणोत, मला विचाराल तर त्यानंच मारलं त्यांना.

आता वारं फिरलं. मेर्लोला कुत्रं विचारेना, ज्याला त्याला आमच्या टेकड्यांचीच द्राक्षं हवीत. हॅम्बुर्गचा एक व्यापारी म्हणाला, सान रोक्कोच्या सणाच्या जेवणाला गाव जी वाइन पितं, तीच मी दरवर्षी घेईन. ती निवडते मी, कारण खानावळ माझी. ओत्तावियो बाटली घेऊन दारात हजर.

"ताई, यंदा माझी ग्रिन्योलिनो घे. हा माणूस हातचा गेला तर मी संपलो."

मी थोडी ओतली. ग्रिन्योलिनो फिकी असते; ग्लासामागची बोटं दिसली नाहीत तर आमची म्हातारी माणसं तिला तोंड लावत नाहीत. ही काळीकुट्ट होती.

"रंग बराच चढलाय रे."

"परदेशी लोकांना फिकं म्हणजे पाणी वाटतं. म्हणून मेर्लो घातलीय. तू निवडलीस की कोण बघतंय?"

"घेते तुझी," मी म्हणाले. त्यानं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मी नंतर तोंड धुतलं.

सणाच्या दिवशी भर दुपारी चर्चसमोर टेबलं मांडली. रिवाजाप्रमाणे वाइन ज्याची, तोच वाढतो. ओत्तावियोनं आधी जेपकाकांना वाढली, गावात तेच वडीलधारे. काकांनी ग्लास उन्हात धरला, मागे बोटं नेली. मग ग्लास खाली ठेवून त्यावर तळहात ठेवला. शेजारच्या एर्मेलिंदानं रिकाम्या ग्लासावरच हात ठेवला. मग तिच्या नवऱ्यानं, मग पुढच्या टेबलानं. ओत्तावियो बाटली घेऊन फिरत राहिला. कुणीही ग्लास पुढे केला नाही.

"वाइन खराब आहे का?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"चांगली आहे की," काका म्हणाले. "ग्रिन्योलिनो नाही, एवढंच. देल्फिना, यंदा तुझी जीभ गेली का गं?"

"जीभ शाबूत आहे, काका. त्यानं मागितलं, मी दिलं."

काकांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पावाचा तुकडा मोडला. व्यापारी जेवण अर्धवट टाकून गाडीकडे गेला.

ओत्तावियो माझ्यापाशी आला. चेहरा उतरला होता. "मला आधी सांगायचं तरी."

"तू बाबांना सांगितलं होतंस?"

मला वाटलं होतं, आता दया येईल. नाही आली. मी ग्लास काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला. सगळं गाव बघत होतं, तेव्हा त्याला पिणं भाग होतं. तो प्यायला.

मी पुन्हा भरला.