मागच्या रांगेतले दोघे

“बाबा, हा येणारे हे तुम्ही सांगितलं नाय,” सुजात सभागृहाच्या दारातच थांबला.

“सांगितलं असतं तर तू आला असतास?” महेंद्र म्हणाला.

मागच्या रांगेत बसलेल्या सम्यकने थोरल्या भावाला वाट द्यायला पाय आत घेतले. सुजात एक खुर्ची सोडून बसला.

ठाण्यातल्या त्या छोट्या सभागृहात महेंद्र प्रोजेक्टर चालवायचा. महिन्यातून एका शनिवारी दुपारी फिल्म क्लबवाले बाहेरच्या देशांतले सिनेमे दाखवायचे. आजचा फ्रेंच होता. सकाळी आवाज तपासायला त्याने सुरुवातीचा तुकडा लावला. आई नसलेले दोन भाऊ एका ताटात जेवत होते, एकमेकांना टपल्या मारत होते. भाषा कळत नव्हती, पण भाऊ कळत होते. तेवढ्यावरच त्याने दोन्ही मुलांना फोन केले.

त्याची बायको रचना जाऊन उद्या वर्ष होत होतं; घरी तिचं पुण्यानुमोदन होतं, तिच्या नावाने सगळ्यांनी वंदनेला बसायचं होतं. “तो बसणार असेल तर मी नाय बसणार,” असं सुजातने सांगून टाकलं होतं. सतराव्या वर्षी सम्यक बाईक चोरणाऱ्या पोरांत गेला, तेव्हा सुजातनेच पोलिसांना फोन केला होता. सम्यक सुधारगृहात असतानाच रचना गेली. सुटल्यापासून तो माजिवड्याला मावशीकडे राहत होता. कोपरच्या घरी एकदाही आला नव्हता. महेंद्रला बोलून समजूत घालायला जमत नसे. ते काम रचनाचं होतं.

सिनेमा अर्धा झाला आणि महेंद्र केबिनमध्ये उठून उभा राहिला. पडद्यावरचा धाकटा चोऱ्या करायला लागला होता. थोरल्याने बाहेर जाऊन फोन केला. पोलीस आले. धाकटा भावाला हाका मारत राहिला.

महेंद्रचा हात बटणावर गेला. मशीन बिघडलं म्हटलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं. पण नेमकं इथेच का थांबवलं, हे सुजातला कळलं असतं. त्याने हात काढून घेतला.

शेवटी नावं सुरू झाली. होते ते दहा-बारा लोक उठून गेले.

“बंडल पिक्चर,” सम्यकचा आवाज आला. केबिनची खिडकी त्यांच्या डोक्यावरच होती.

“का रे?” सुजातने विचारलं. आल्यापासून तो भावाशी पहिल्यांदाच बोलत होता.

“तो मोठा फोन करून घरी जाऊन झोपला. असं कुठे असतं? तू तर त्या रात्री सुधारगृहाच्या फाटकासमोर बसलेलास. सकाळपर्यंत. मी वरून बघितलेलं.”

सम्यकनेच पुढे विचारलं.

“आईला सांगितलेलंस?”

“नाय.”

“मी पण नाय सांगितलं कोणाला.”

सुजात म्हणाला, “उद्याला पांढरा शर्ट आहे तुझ्याकडे?”

“मावशीच्या पोराचा आहे. तंबूच होतो त्याचा.”

“माझा घाल. दहाला ये. नाय, नऊलाच ये. चटया टाकायच्यात.”

एवढं बोलून त्याने तोंड ओंजळीत धरलं. त्याचे खांदे हलायला लागले. सम्यक सरळ समोर बघत राहिला.

झाडूवाला जगन दारातून ओरडला, “महेंद्रभाऊ, लाइट लावा की! झाडायचंय मला!”

“थांब जरा,” महेंद्र म्हणाला. “नावं चालू आहेत.”

नावं संपली. पडदा काळा झाला. तरी त्याने दिवे लावले नाहीत.