प्रदर्शनातली चुकामूक

विट्याच्या एसटी स्टँडवर नाथाजी उतरला तेव्हा त्याला न्यायला धाकटा भाऊ आकाराम आला होता, आणि आकारामच्या खांद्यावर नाथाजीचा चार वर्षांचा मुलगा गुंडा बसला होता. गुंडाच्या डोक्यावर वस्तरा फिरवलेला होता. ते डोकं बघितलं आणि नाथाजीला कळलं.

तार त्याच्या खिशातच होती. इरोडला त्याचं सोनं गाळायचं दुकान होतं, तिथं ती आली होती. विजयमाला सीरियस आहे, लगेच निघा, एवढंच तारेत होतं. आपल्याकडची माणसं मेलेल्या माणसालाही तारेत सीरियसच लिहितात, हे नाथाजीला चांगलं ठाऊक होतं. दुकानातल्या पोरांच्या अशा तारा त्यानं स्वतः वाचल्या होत्या आणि त्यांना गाडीत बसवून दिलं होतं. तरी बेंगलोर सोडल्यापासून तो स्वतःला सांगत होता, की आपल्या तारेतलं सीरियस म्हणजे सीरियसच. मिरजेला उतरल्यावर त्यानं तिच्यासाठी मोसंबी घेतली. पोराचं जावळ दोन वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं. आता त्याच्या डोक्याला वस्तरा लागायचं दुसरं काही कारण नव्हतं.

गुंडा खांद्यावरून खाली वाकून म्हणाला, "आबा, माजं क्यास देवाला दिलं."

आकारामनं गावापर्यंतच्या वाटेवर सगळं सांगितलं. ताप आला, उतरेना, जीप करून सांगलीला दवाखान्यात नेलं आणि तिथंच ती गेली. नाथाजीची वाट बघणं शक्य नव्हतं. गुंडाच्या डोळ्यांवर पंचा धरून, त्याचा हात हातात घेऊन आकारामनंच अग्नी देववला. पोराला वाटलं, कसली तरी पूजा आहे.

दुष्काळ सरला त्या सालातली ही गोष्ट. पीक बरं आलं होतं, शाळू कमरेएवढा झाला होता आणि ज्याला त्याला वाटत होतं की वाईट दिवस गेले.

गुंडाला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. आजी हरणाबाई म्हणायची, आई सांगलीला दवाखान्यात हाय. शेजारणी म्हणायच्या, देवाघरी गेली. आकारामच्या पोरानं एकदा खरं काय ते तोंडावर सांगितलं आणि त्याबद्दल मार खाल्ला, त्यामुळं तेच खोटं असणार असं गुंडानं धरलं. मग त्यानं विचारणंच सोडलं. मोठी मंदा सात वर्षांची. तिनं आईला तिरडीवर बघितलं होतं. ती कुणापाशी काही बोलत नव्हती. गुंडाला आंघोळ घालायची, त्याची गुंडी लावायची.

"तूच सांग त्येला," हरणाबाई नाथाजीला म्हणाली. "तू बाप हाईस. माज्या जिभंला वळत न्हाई."

नाथाजी हो म्हणाला. पण तो वर्षातून महिनाभर घरी येणारा माणूस. आलेल्या सोन्यातलं हिणकस कसं काढायचं हे त्याला येत होतं, चार वर्षांच्या पोराशी बोलायचं येत नव्हतं. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगू. रोज दारात कोणीतरी भेटायला आलेलं असायचं, नाहीतर पोरगं झोपलेलं असायचं, नाहीतर हसत असायचं, आणि हसणाऱ्या पोराला कसं सांगायचं? रडणाऱ्याला तरी कसं सांगायचं? दिवाळी आली आणि गेली. दुकान सांभाळणाऱ्या मेव्हण्याचा निरोप आला, की आता या. निघायचा मंगळवार ठरला.

तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, की पोरांना सांगलीचं प्रदर्शन दाखवावं. तिथं मोठा पाळणा आलाय, लहान पोरांची आगगाडी आलीय, मोटारसायकलवाला मरणाच्या विहिरीत गोल फिरतो, असं सगळे सांगत होते. शनिवारी जायचं, रविवारी संध्याकाळी परत यायचं. पोरगं खुशीत असेल तेव्हा बाजूला घेऊन सांगायचं, म्हणजे जड जाणार नाही, असं त्याला वाटलं.

"पाळण्यात बसवून सांगणार व्हय?" हरणाबाई म्हणाली.

सांगली म्हटल्यावर गुंडा एकदम उभा राहिला. त्यानं स्वतःहून तोंड धुतलं. गाडीत प्रत्येक थांब्याला तो विचारत होता, सांगली आली का. नाथाजीला वाटलं, पाळण्याची घाई झालीय. मंदा खिडकीतून बाहेर बघत होती.

मुक्काम शांतिनाथकडं होता. शांतिनाथ हळदीचा अडत्या. इरोडच्या बाजारात त्याचं येणंजाणं असायचं आणि मराठी बोलायला मिळावं म्हणून तो नाथाजीच्या दुकानात येऊन बसायचा. त्यातून ओळख वाढलेली. त्याची बायको आक्काताई पोरांना बघून पुढं झाली, मंदाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "भाऊ, फिरा सगळं, पण दिवस मावळायच्या आत जेवायला या. आमच्या जैनांत नंतर चूल पेटत न्हाई." नाथाजीनं मान डोलावली. त्यामुळं शनिवारी घाईच झाली. तिकिटं काढून आत शिरले, हसऱ्या आरशांचा तंबू बघितला, आणि परत फिरायची वेळ आली. प्रदर्शनातले दिवे लागायला लागले होते आणि हे तिघं उलट्या दिशेनं, गर्दीला ढुशा देत, जेवायला चालले होते.

आरशांच्या तंबूत नाथाजी एका आरशात ढोलाएवढा दिसला, दुसऱ्यात सुतळीसारखा. मंदा हसली. किती दिवसांनी हसली ते त्याला आठवेना. गुंडा हसला नाही. तो प्रत्येक आरशाच्या मागं जाऊन बघून येत होता.

चालताना आणखी एक अडचण होती. गुंडा हात धरू द्यायचा नाही. नाथाजीनं हात पकडला की तो मनगट पिळून सोडवून घ्यायचा.

"त्यो हात धरत न्हाई, आबा," मंदा म्हणाली. "पदर धरून चालतो."

नाथाजीनं खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक त्याच्या हातात दिलं. गुंडानं ते बघितलं, थोडा वेळ धरलं, मग सोडून दिलं. टॉवेल आखूड होता, आणि पदरासारखा कुठं खोचलेला नव्हता. नाथाजीनं मग पोराला खांद्यावर घेतलं. खांद्यावर घेतलेल्या पोराला तोंडासमोर घेऊन काही सांगता येत नाही, ही गोष्ट त्याला बरीही वाटली.

रविवारी सकाळपासून ते आत होते. लहान आगगाडीत दोनदा बसले. भजी खाल्ली. मोठ्या पाळण्यात बसले आणि पाळणा वर गेला तेव्हा कृष्णेचं पात्र, घाट, हळदीच्या पेठेतली पत्र्याची छपरं सगळं खाली दिसलं. गुंडा दांडीला धरून उभा राहायला बघत होता.

"दवाखाना कंचा?" त्यानं विचारलं.

नाथाजीला वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही. तेवढ्यात पाळणा खाली यायला लागला, मंदानं डोळे मिटून त्याचा दंड घट्ट धरला, आणि खाली पोचल्यावर पाळणेवाला म्हणाला, उतरा उतरा. ते उतरले.

मरणाच्या विहिरीपाशी सगळ्यांत जास्त गर्दी होती. तिकीट काढायला नाथाजीनं गुंडाला खाली उतरवलं आणि मंदाला म्हणाला, बघ त्याला. मंदानं बघितलं. पण आत मोटारसायकल चालू झाली, फळ्यांचा असा आवाज झाला की तिनं कानांवर हात ठेवले. तेवढ्यात गुंडा दिसेनासा झाला.

नाथाजी आधी आगगाडीकडं पळाला, मग पाळण्याकडं, मग पुन्हा आगगाडीकडं. मंदाला एका हातानं ओढत होता आणि ती पडली तरी त्याला कळलं नाही. लोक विचारत, काय झालं, आणि तो तसाच पुढं पळत होता. शेवटी एका पोलिसानं त्याला स्टेजजवळच्या माईकपाशी नेलं. तिथं एक तरुण मनुष्य गळ्यात मफलर बांधून बसला होता, आणि साबणाच्या नि चहाच्या जाहिराती मधूनमधून वाचत होता.

त्यानं पोराचं नाव विचारलं. नाथाजीनं सांगितलं, हंबीरराव. शेजारी उभी असलेली माणसं हसली, कारण वय विचारल्यावर तो चार वर्षं म्हणाला.

"हंबीरराव म्हटल्यावर कळंल का त्याला?"

"न्हाई. गुंडा म्हणा."

"अंगात काय हाय?"

नाथाजी सकाळपासून त्याला खांद्यावर घेऊन हिंडत होता, पण अंगात काय आहे ते त्याला आठवेना. मंदा म्हणाली, निळा चौकड्याचा सदरा, खाली खाकी चड्डी, वरची गुंडी तुटलीय.

माईकवाल्यानं घसा साफ केला. त्याचं बोलणं पाठ होतं, दिवसातून किती वेळा म्हणत असेल कोण जाणे. गुंडा नावाचा चार वर्षांचा मुलगा हरवला आहे, अंगात निळा सदरा आहे, कुणाला आढळल्यास स्टेजजवळ आणून सोडावा. आणि मग त्याच सुरात तो पुढं म्हणाला, "गुंडा, बाळ, तुझी आई इथं स्टेजजवळ रडत बसली आहे. असशील तिथनं लगेच निघून ये."

सगळ्या मैदानावर ते घुमलं. कर्णे चारी बाजूंना होते. नाथाजीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मंदा ताठ झाली. मग तिनं बापाचा हात सोडला, स्टेजच्या कडेला गेली, आणि मागचा पडदा बाजूला सारून आत बघितलं. तिनं तिरडी बघितलेली. तरी बघितलं.

माईकवाल्यानं तेच तीनदा म्हटलं.

गुंडा एकटाच आला. लोकांच्या पायांमधून वाट काढत, हात पुढं करून, रडत नव्हता, पळत होता. त्याच्या मागून हिरव्या लुगड्यातली एक बाई धापा टाकत आली. ती रहिमतपूरची होती, पाच पोरं घेऊन आलेली. तिनं नाथाजीला सांगितलं, की बराच वेळ पदराला ओढ लागत होती, पण माझ्या पदराला कायम कोण ना कोण लोंबकळतंच, मला वाटलं माझ्यातलंच एक. आइसफ्रूट घेताना मोजली तर एक जास्त भरलं. "गप गुमान चालत हुतं बघा," ती म्हणाली. "तुमच्या बायकोला सांगा, लय शानं पोर हाय."

नाथाजी बरं म्हणाला.

गुंडा स्टेजपुढं उभा होता. त्यानं नाथाजीकडं बघितलं, मंदाकडं बघितलं, माईकवाल्याकडं बघितलं. मग तो स्टेजच्या फळीखाली वाकला. मग मागं जाऊन आला.

"आई कुठाय?"

नाथाजी माईकवाल्याकडं वळला. असं का म्हणालात, असं त्यानं अगदी हळू विचारलं. त्या तरुणाला काही कळलं नाही.

"असंच म्हणावं लागतं," तो म्हणाला. "बाप बसलाय म्हटलं तर पोरं मार बसंल म्हणून येत न्हाईत. आईचं नाव घेतलं की येत्यात." आणि चहाची जाहिरात वाचायला लागला.

त्याच्यावर रागवावं तर पोरगं त्याच्यामुळंच आलं होतं. नाथाजी उकिडवा बसला. गुंडाचं तोंड आता त्याच्या तोंडासमोर होतं. आजूबाजूला कोणी ऐकत नव्हतं. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती हे त्याला कळत होतं, आणि यापेक्षा वाईट वेळही नव्हती.

"हिथंच हुती," तो म्हणाला. "चुकामूक झाली."

आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळेना. तो असं बोलणार नव्हता. पण गुंडाचा चेहरा मोकळा झाला. चुकामूक त्याला समजत होती. त्याची स्वतःची आत्ताच झाली होती.

"मग हितंच बसू," गुंडा म्हणाला. "इकडं तिकडं गेलं की परत चुकती."

तो स्टेजच्या पायरीवर बसला. नाथाजी त्याच्या शेजारी बसला. मंदा जरा लांब बसली. ते पोरगं येणाऱ्या प्रत्येक बाईकडं बघत होतं, आणि थोड्या वेळानं नाथाजीच्या लक्षात आलं की आपणही बघतोय.

गाडीची वेळ झाली तेव्हा गुंडा उठेना. नाथाजीनं उचललं तर त्यानं अंग टाकून दिलं, जमिनीवर लोळला, लोक गोळा झाले. खेळण्याचं आमिष दाखवून झालं, आगगाडीत पुन्हा बसवतो म्हणून झालं. शेवटी मंदा पुढं आली. तिनं त्याच्या सदऱ्याची धूळ झाडली आणि म्हणाली, "उठ. आई मागनं येती. तिला गाव म्हाईत हाय का न्हाई?"

गुंडा उठला. तिच्या परकराचा घोळ धरून चालायला लागला.

मंदानं हे भावाला समजवायला म्हटलं की तिला स्वतःलाच आता आई येईल असं वाटायला लागलं होतं, हे नाथाजीला विचारायचं होतं. गाडीत त्यानं दोनदा तिचं नाव घेतलं. ती काय म्हणून वळली, आणि तो म्हणाला, काही नाही, खिडकी लाव, वारं लागतंय.

घरी पोचल्यावर गुंडानं अंगणातूनच सांगायला सुरुवात केली. आकारामला सांगितलं, काकीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं. आई सांगलीत भेटली, पण चुकामूक झाली, कर्ण्यात तिचं नाव सांगितलं, ती रडत होती, मागनं येणार हाय. त्याच्याइतकं सविस्तर आजवर कुणीच काही सांगितलं नव्हतं, म्हणून आकारामचं पोरगंसुद्धा गप्प राहून ऐकत होतं. हरणाबाईनं चुलीपुढून नाथाजीकडं बघितलं.

"हे तू सांगितलंस?"

"सांगतो," नाथाजी म्हणाला. "उद्या सांगतो."

सोमवारी गुंडा दिवसभर पाणंदीच्या तोंडाशी बसून होता. नाथाजी दोनदा त्याच्याकडं गेला. एकदा त्याच्या शेजारी बसलाही. गुंडानं त्याला सरकून जागा करून दिली, आणि रस्त्यावर कुठली गाडी कुठून येते ते समजावून सांगितलं.

मंगळवारी नाथाजी मिरजेहून गाडीत बसला आणि इरोडला गेला. गुंडाला त्याची आई मेली हे अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.