सत्तेचाळीस नंबरचं टेबल

"'खालील सहकाऱ्यांनी' असं का लिहिलंय?" इन्शिराहने विचारलं. "'सर्व सहकाऱ्यांनी' का नाही?"

तिचा नवरा मुसअद टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ताअमियाचे वडे आणि भाकरी खात बसला होता. त्याने तोंडातला घास संपवला आणि म्हणाला, "पत्र आलंय की औषधाची चिठ्ठी? दोन्ही एकाच चष्म्यातून वाचतेस तू."

त्याचं काही खोटं नव्हतं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला पातळ कागद असतो, तो वाचणं हाच इन्शिराहचा धंदा होता. परदेशी कंपन्यांची माहितीपत्रकं कैरोतल्या एका कंपनीत अरबीत केली जात आणि ती छापायला जाण्याआधी शेवटची नजर इन्शिराहची असे. दिवसातून दोन गोळ्या की दोन दिवसांतून एक, जेवणाआधी की जेवणानंतर, यातला एक शब्द हलला तर माणूस जाऊ शकतो. सव्वीस वर्षं तिने प्रत्येक ओळीकडे ती खोटं बोलतेय असं धरूनच पाहिलं होतं. शेजारणी म्हणायच्या, ही भाजीवाल्याच्या तराजूकडेही तशीच बघते.

साथीच्या वर्षी कंपनीने सगळ्यांना घरी पाठवलं आणि साथ ओसरल्यावरही परत बोलावलं नाही. तेव्हापासून झगाझिग गावातल्या घरातलं हे जेवणाचं टेबल तिची कचेरी झालं होतं. अर्ध्यावर मुसअदच्या भूगोलाच्या शिकवण्या, अर्ध्यावर हिची पत्रकं. काम कधी अडलं नव्हतं. उलट चुका कमी झाल्या, असं वरच्या साहेबांनीच दोनदा लिहून कळवलं होतं. आणि आता हे पत्र. 'एकत्र काम करण्यातली ऊब' पुन्हा अनुभवण्यासाठी खालील सहकाऱ्यांनी येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारपासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत हजर राहावं. सोबत एक कागद होता. त्यावर दोन चौकोन. पहिल्यापुढे लिहिलं होतं, मी येईन. दुसऱ्यापुढे, मला येणं शक्य नाही, हा माझा राजीनामा समजावा.

यादीत एकावन्न नावं होती. इन्शिराहने ती पुन्हा पुन्हा वाचली. बहुतेक सगळे लांबचे होते. फय्यूमची हाला, दमिएत्ताचे दोघं, बन्हाचे तिघं. शिवाय बहुतेक सगळ्यांची नोकरी दहा वर्षांच्या वरची. यात पाणी मुरतंय हे तिला तिथेच कळलं.

अकरा वाजता वगदीचा फोन आला. वगदी भाषांतरकार होता. तो करायचा आणि ती तपासायची, असं अकरा वर्षं चाललं होतं. घरून काम सुरू झाल्यापासून तो रोज अकरा वाजता कैरोतल्याच ऐन शम्समधल्या आपल्या घरातून फोन करायचा, आणि दोघं आपापला चहा पीत शब्दांवरून भांडायची. त्याचं नावही यादीत होतं.

"काही नाही हो, मादाम," तो म्हणाला. "जागेचं भाडं भरतात, जागा रिकामी दिसते, मालकाच्या डोळ्यांत खुपतं. एवढंच आहे."

"मग राजीनाम्याचा चौकोन कशाला, उस्ताद वगदी? जो येणार नाही तो आपणच कळवेल की."

 वगदी म्हणाला की असे कागद सगळ्याच कंपन्यांत असतात, फार डोकं चालवू नका.

तिने डोकं चालवलंच. कर्मचारी विभागात रान्या नावाची मुलगी होती, तिला एका ओळीत विचारलं, मला बसायला कोणतं टेबल? चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी नुसता आकडा आला, सत्तेचाळीस. इन्शिराहने पहिल्या चौकोनात खूण केली आणि कागद पाठवून दिला.

पहिल्या रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, ती साडेपाचला घराबाहेर पडली. झगाझिगहून सलामच्या थांब्यापर्यंत एक मायक्रोबस, तिथून नव्या कैरोतल्या पाचव्या वसाहतीकडे दुसरी. काचेच्या त्या इमारतीत पोचेपर्यंत अडीच तास झाले होते आणि पाय सुजले होते. वर गेल्यावर तिला आधी वाटलं, मजला चुकला. ओळखीचं मोठं दालन निम्मं झालं होतं. मधोमध नवी भिंत उभी होती आणि ओल्या गिलाव्याचा वास अजून गेला नव्हता. पलीकडचा भाग कंपनीने केव्हाच सोडून दिला होता. अलीकडे टेबलं होती, प्रत्येकावर नंबर. ती एकेक पाहत गेली. शेवटचा नंबर छत्तीस होता. लोक खिडक्यांच्या कट्ट्यावर, जिन्यात, मांडीवर संगणक घेऊन बसले होते.

रान्या म्हणाली, "आता वातावरण मोकळं आहे, मादाम. जिथे मन लागेल तिथे बसा."

"मन लागायला आधी बूड टेकावं लागतं, बाळ," इन्शिराह म्हणाली.

वगदी बारा नंबरच्या टेबलाशी होता, खिडकीजवळ. तो लगबगीने उठला आणि आपली खुर्ची देऊ लागला. उभं राहून काम केलेलं माझ्या पाठीला बरं, असंही म्हणाला. तिने आभार मानले पण खुर्ची घेतली नाही. यादीतल्या एकावन्न जणांपैकी नंबराचं टेबल मिळालेला तो एकटाच होता, आणि ही गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही.

शेवटी जागा दिली चहावाल्या अम सबरींनी. सगळ्या कचेरीचे ते काका. त्यांनी ओट्यावरचे साखरेचे डबे एका बाजूला सारले, एक स्टूल आणून ठेवलं आणि तिच्यापुढे चहाचा ग्लास ठेवला. इन्शिराह तिथे बसून काम करू लागली. किटलीची वाफ संगणकाच्या पडद्यावर यायची, ती रुमालाने पुसायची.

माणसं गळू लागली. आधी दमिएत्ताचे दोघं गेले, मग बन्हाचे. कुणाची तब्येत, कुणाचं लहान मूल. सगळ्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि कंपनीने कुणालाच काढलं नाही. त्यांनीच सोडलं, असं कागदोपत्री झालं. आपण सोडलं की मग हक्काचं काही मागायला तोंड राहत नाही, हे इन्शिराहला ठाऊक होतं. फय्यूमच्या हालालाही ठाऊक होतं. एका सोमवारी बायकांच्या नमाजाच्या खोलीत चपला घालता घालता हालाने तिला सांगितलं की ती कामगार कचेरीत तक्रार देणार आहे, कागद तयार आहेत. इन्शिराहने हे एकाच माणसाला सांगितलं. मंगळवारी अकराच्या चहाला, वगदीला.

गुरुवारी हालाला वर बोलावलं. अर्ध्या तासाने ती खाली आली, पर्स उचलली आणि इन्शिराहकडे न बघता निघून गेली. त्याच दुपारी ओट्याशेजारच्या भिंतीवर एक सूचना लागली. कचेरीच्या कामाबद्दल बाहेर बोलणाऱ्यांवर विनाविलंब आणि विनासंकोच कारवाई केली जाईल.

अरबीत 'आणि' हे एकच अक्षर असतं आणि ते पुढच्या शब्दाला चिकटून लिहायचं असतं. वगदीला ते कधी जमलं नाही. तो नेहमी मध्ये फट सोडायचा. अकरा वर्षं इन्शिराहने त्याचे 'आणि' जोडले होते. भिंतीवरच्या त्या सूचनेत सहा 'आणि' होते आणि सहाही सुटे. शिवाय 'विनाविलंब आणि विनासंकोच' असं या शहरात दुसरं कोणी लिहीत नव्हतं. पोटदुखीच्या पत्रकातून तिने स्वतः ते दोनदा खोडलं होतं.

तिने संगणकात पहिलं पत्र उघडलं. तिथेही चार. महिनाभर ते तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिला दिसलं नव्हतं. तेव्हा ती घाबरून नुसता अर्थ वाचत होती.

जेवणाच्या सुट्टीत तिने वगदीला बाहेर बोलावलं. इमारतीच्या भिंतीलगत हातभर सावली होती, तिथे दोघं उभी राहिली.

"हे तुम्ही लिहिलंत," ती म्हणाली.

वगदीने नाकारलं नाही. "वरून इंग्रजीत येतं. मी फक्त अरबी केलं."

"पहिलंही?"

"पहिलंही."

"म्हणजे मी फोनवर विचारत होते, राजीनाम्याचा चौकोन कशाला, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"दोन दिवस आधी करून दिलं होतं." तो बुटांकडे बघत होता. "पत्रं करून दे, गप्प राहा, तुझं टेबल राहील, असं म्हणाले. मला निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, मादाम. या वयात मला कोण घेणार?"

"आणि हाला?"

"हालाचं मी कुणाशी बोललो नाही. माझ्या मुलाची शपथ."

इन्शिराह त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. एखादं वाक्य बरोबर वाटतं, तरी हात पुढे सरकत नाही, तसं तिचं झालं. हाला कदाचित आणखीही कुणाशी बोलली असेल. कदाचित नसेल.  इन्शिराह जिना चढून आपल्या स्टुलावर जाऊन बसली.

त्या दिवसापासून अकराचा चहा बंद झाला. अम सबरी दोन ग्लास भरायचे. एक इन्शिराहपुढे ठेवायचे आणि दुसरा बारा नंबरला नेऊन द्यायचे.

घरी मुसअद म्हणाला की सोडून दे, माझ्या शिकवण्यांवर आपलं भागेल, या वयात रोज पाच तासांचे हाल कशासाठी. ती म्हणाली, "त्यांना मला काढायचंय ना? मग काढू देत. मी स्वतःच्या हाताने लिहून देणार नाही."  दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे उठून तिच्या डब्यासाठी अंडी उकडू लागला, आणि चष्म्यावरून बोलणंही त्याने थांबवलं.

पाचव्या आठवड्यात तिच्याकडे पत्रकं यायची थांबली. तिने विचारलं तर रान्या म्हणाली की सध्या काम कमी आहे. शेजारी बसलेल्या तरुण सहकाऱ्यांच्या पडद्यांवर मात्र पत्रकं दिसत होती. इन्शिराह आठ वाजता यायची, स्टुलावर ताठ बसायची आणि पाच वाजता उठायची. वाचायला काही नसलं की ओट्यावरचे डबे वाचायची. बिस्किटांच्या पुड्यावर तिला दोन चुका सापडल्या. अम सबरींना तिने त्या दाखवल्या. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि पुडा सरळ कचऱ्यात टाकला. अशी बिस्किटं आता कुणी खाल्ली नाही पाहिजेत, म्हणाले. त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी हसली.

सातव्या आठवड्यात, बुधवारी, रान्याने बोलावलं. टेबलावर एक तपकिरी पाकीट होतं आणि शेजारी पेन. सही केली की झालं, ती म्हणाली, सगळं नियमानेच आहे. इन्शिराहने चष्मा काढून पुसला, घातला आणि पत्र पहिल्या शब्दापासून वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यात एकही 'आणि' सुटा नव्हता. म्हणजे हे वगदीने केलेलं नव्हतं.

तिने पर्समधून आपली पेन्सिल काढली आणि चौथ्या ओळीतल्या दोन शब्दांखाली रेघ मारली. 'परस्पर संमतीने.' म्हणजे नोकरी तिनेही सोडली, असं कागदोपत्री झालं असतं.

"माझी संमती कधी घेतलीत?" तिने विचारलं.

"मादाम, ते नुसते शब्द आहेत. सगळ्यांच्याच पत्रात आहेत."

"नुसते शब्द असतील तर बदलायला अवघड नाही. 'कंपनीच्या निर्णयाने' असं करून आण. मी सही करते."

 रान्या पत्र घेऊन वर गेली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. इन्शिराह हात मांडीवर ठेवून बसून राहिली. वर काय चाललं असेल, आता रखवालदाराला बोलावतील की दुसराच एखादा कागद पुढे करतील, असं तिच्या मनात येत होतं. पाऊण तासाने रान्या परतली. नवं पत्र अजून गरम होतं. इन्शिराहने तेही अथपासून इतिपर्यंत वाचलं. चौथी ओळ बदलली होती, बाकी कुठे काही घुसडलेलं नव्हतं. तिने सही केली, स्वतःची प्रत मागून घेतली आणि उठली. दारापर्यंत आल्यावर रान्या हळूच म्हणाली, "माझी आई मिनुफियाला असते, मादाम. तीही तुमच्यासारखीच आहे." इन्शिराहने मान हलवली आणि दार लोटून ती बाहेर पडली.

अम सबरींनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. बाकीच्यांनी पडद्यांवरून मान वर केली आणि खाली घातली. बारा नंबरचं टेबल रिकामं होतं.

खाली रस्त्यावर, मायक्रोबस थांबते तिथे, वगदी उभा होता. हातात तसंच तपकिरी पाकीट.

"तुम्हालाही?" तिने विचारलं. त्या दुपारनंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"सकाळीच." तो कसनुसा हसला. "पत्रं करायला आता यंत्र आणलंय म्हणे. माणसाची गरज नाही."

"काय लिहिलंय ते वाचलंत?"

वगदीने पाकीट या हातातून त्या हातात घेतलं. "नाही," तो म्हणाला. "सही केली फक्त."

इन्शिराहने त्याच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. त्याच्या पाकिटात ते दोन शब्द तसेच आहेत हे तिला कळलं, आणि आता सांगून उपयोग नाही हेही. हालाबद्दल तो खरं बोलला होता की नाही हे तिला अजून माहीत नव्हतं. तिने विचारलं असतं तर त्याने पुन्हा तीच शपथ घेतली असती.

सलामकडे जाणारी मायक्रोबस आली. फक्त मागचं बाक रिकामं होतं. ती खिडकीशी बसली, तो दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये तिची पर्स. गाडी हमरस्त्याला लागल्यावर ड्रायव्हरने आरशात बघून भाडं मागितलं. नोटा एका हातातून दुसऱ्या हातात पुढे जाऊ लागल्या. वगदी खिसा चाचपत होता. इन्शिराहने पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावला आणि नोट त्याच्याकडे दिली.

"दोघांचे," ती म्हणाली.

वगदीचा हात खिशातच राहिला.  मग सलाम येईपर्यंत ती आपल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होती, तो आपल्या.