केनवडच्या जवायाची धाव

इंद्रभान मूळचा धनजचा. पण लग्न केनवडात झालं आणि बैलगाडीची चाकं करायला शिकवणारी उद्योगशाळाही नेमकी केनवडातच निघाली, हे त्याच्या नशिबाचे भोग. काम शिकावं, नोकरी धरावी आणि सासूकडचा पाहुणचार एकदाचा संपवावा, एवढाच त्याचा बेत होता.

शाळेचे सैफुद्दीन मिस्तरी सांगत, "एकट्यानं घडते तो खिळा. चाकाले चार हात लागतेत. मिळून काम करान, तरच नोकरी भेटन." म्हणून त्यांनी रूपला, शालिग्राम आणि इंद्रभान यांची टोळी बांधून दिली. टोळी उत्तम होती. अडचण एवढीच, की एका घरचा जावई तो साऱ्या गावचा जावई, आणि जावयाला कामाला लावणं म्हणजे गावाचं नाक कापणं.

इंद्रभाननं घण उचलला की रूपला तो काढून घेई.

"जवाईबापू, तुमी बसा ना!"

"अबे, मले शिकाचं हाय!"

"मंग शिका ना. बसून शिका."

मिस्तरींकडे दाद मागावी, तर ते त्याच्यासाठी चहा सांगत. "जवाई तो जवाई, बेटा. मी बी याच गावचा हाव."

सहा महिन्यांत इंद्रभानच्या हाताला एक फोड आला नाही. बंडीची बटणं तेवढी दोनदा सरकवावी लागली.

मग कारंज्याहून जिनिंगचे शेठ आले. कापसाच्या गाड्या दुरुस्त करायला त्यांना माणसं हवी होती. परीक्षा एकच: तापलेली धाव, म्हणजे लोखंडी कडं, लाकडी चाकावर चढवायची. आज नोकरी हुकली तर जन्माचा घरजावई, हे इंद्रभानला लख्ख दिसत होतं. सासू तुळसाबाईंनी तर सकाळीच पुरण शिजायला टाकलं होतं.

गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल झाली. रूपला-शालिग्रामनं ती सांडशीनं उचलली. इंद्रभान पुढं सरसावला.

"बापू, मांगं व्हा! ठिणगी उडन!" म्हणत दोघंही त्याला अडवायला वळले, आणि धाव तिरपी बसली. रूपला म्हणे इकडून ठोक, शालिग्राम म्हणे तिकडून. लाकूड धुमसू लागलं. शेठनं खिशातून घड्याळ काढलं.

सहा महिने बसून इंद्रभानला एक गोष्ट मात्र पाठ झाली होती, ती म्हणजे कोण कुठं चुकतो. तो ओरडला, "शाल्या, डाव्या अंगानं दोन ठोके! रूपला, तू थांब! आता हान! पाणी!"

जावयाचा शब्द कोण मोडणार? दोघं मुकाट कामाला लागले. खुद्द मिस्तरी बादली घेऊन धावले. फुस्सकन वाफ उठली, लोखंड आवळलं आणि चाक टणटणीत झालं.

"हा कोन?" शेठनं विचारलं.

"आमचे जवाई," मिस्तरींसकट तिघं एकदम म्हणाले.

"हे दोघं ठोकतेत चांगलं, पन एकमेकाचं आयकत नाईत. याचं आयकतेत. हाच मुकादम. सोमवारी तिघंही या. एकटं कोनी येऊ नका."

घरी तुळसाबाईंनी दाराआडून विचारलं, "मुकादम म्हंजे काय करा लागते, बापू?"

इंद्रभाननं पुरणपोळीचा घास गिळला.

"ओरडा लागते."

"अगं माय! त्याच्यासाठी सहा महिने शाळा कायले? ते त मीच शिकवलं असतं."