ओसाड

नरेंद्रला बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षांनी नोकरी लागली, तीही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मुरबाडहून धसईकडे जाताना डाव्या अंगाला त्यांचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर पंचायतीचा दीडशे एकरांचा सपाट माळ. मुंबईच्या एका संस्थेला तो माळ झाडं लावायला हवा होता. साइटवर देखरेख करायला गावातलाच शिकलेला मुलगा हवा होता. दोन हजार एक साल होतं. आईनं तांदळाची खीर केली, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, आणि नरेंद्र नवा शर्ट घालून कामावर गेला.

संस्थेचे सरपोतदार साहेब माणूस गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी नरेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला. "काम सुरू करण्याआधी जागेवर काय काय आहे त्याची यादी लागते. तू बॉटनीवाला, तूच कर."

नरेंद्रनं ती यादी मन लावून केली. माळाची खरी माहितगार त्याची चुलती, जानकीबाई. दसरा उलटला की ती विळा घेऊन माळावर चढायची ती थेट शिमग्याच्या आसपास खाली उतरायची. वखारीत जाणारं गवत कापायचं, पेंढ्या बांधायच्या, हे तिचं वीस वर्षांचं काम. आठ दिवस ती पुढं आणि नरेंद्र वही घेऊन मागं. हा पवना, गुरं तुटून पडतात. ही कुसळी, पण कोवळी असतानाच कापायची, नाय तर लुगड्यात घुसते. हा मारवेल. इथं पावसाळ्यात फोडशीची भाजी येते, तिथं खडकावर निळी फुलं, नाव माहीत नाय पण दोनच आठवडे राहतात. चंडोल, लावे, ससे, माळटिटव्या. नरेंद्रची सत्तावीस पानं भरली. त्यात गवतंच अडतीस जातींची होती.

पंधरा दिवसांनी छापील अहवाल आला. सगळ्यात आधी त्यानं आपली यादी शोधली. यादी नव्हती. दुसऱ्या पानावर एकच ओळ होती: 'सदर जमीन ओसाड, वृक्षहीन व निरुपयोगी असून तेथे उल्लेखनीय जीवसृष्टी आढळली नाही.' खाली 'पाहणी' या शब्दापुढे नरेंद्रचं नाव.

"साहेब, माझी यादी?"

"अरे, गवताची यादी वाचून कोण पैसे देणार?" सरपोतदार हसले. "झाड म्हटलं की लोकांना कळतं. तू मनावर घेऊ नकोस."

नरेंद्रनं मनावर घेतलं, पण तोंड उघडलं नाही. घरी आई शेजारणीला सांगत होती, पोरगा साहेब झाला. त्या गप्प बसण्याची चव त्याच्या तोंडात कितीतरी दिवस राहिली, नासक्या दुधासारखी.

मे महिन्यात जेसीबी आला. माळाच्या धसईकडच्या निम्म्या भागात खड्डे आणि चर काढायचे होते. माळटिटव्यांचे अंड्यांचे दिवस. त्या घरटं म्हणून काही बांधत नाहीत; उघड्या जमिनीवर चार खडे सरकवतात आणि तिथंच अंडी घालतात. नरेंद्रनं अशा नऊ जागा हेरून दगडांना चुना फासून ठेवला होता. जेसीबीवाल्याला तसं सांगितलंही होतं. पण त्याला खड्ड्यांच्या संख्येवर मजुरी, तो चुन्याकडे कशाला बघतो? दुपारी मशीन थांबलं तेव्हा लोखंडी दातांवर पिवळा बलक वाळून चिकटला होता आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती. मशीनच्या सावलीत बसून सरपोतदार साहेब डब्यातलं श्रीखंड खात होते. त्यांनी नरेंद्रपुढे चमचा केला. नरेंद्र चराच्या पलीकडे गेला आणि ओकला.

"ऊन लागलं रे तुला," साहेब म्हणाले.

जुलैत मोठा कार्यक्रम झाला. मंडप, लाऊडस्पीकर, मुंबईहून तीन बसगाड्या भरून माणसं. प्रत्येकानं एक एक ऑस्ट्रेलियन बाभळीचं रोप लावलं, फोटो काढला आणि जेवायला पळाला. निम्म्या लोकांनी रोपाची काळी प्लास्टिकची पिशवी काढलीच नव्हती, तशीच मातीत पुरली होती. गवतात थर्माकोलच्या पत्रावळी, त्यांत भिजलेला भात आणि पुऱ्या. माईकवर कोणी बाई सांगत होत्या, "जिथं काहीच नव्हतं, तिथं आपण जीवन आणलं!" टाळ्या पडल्या. नरेंद्र आणि जानकीबाई दोन दिवस रोपं उपटून, पिशव्या काढून ती पुन्हा लावत होते.

"हे जगायचं नाय," जानकीबाई म्हणाली. "खाली कातळ हाय. मुळी जाईल कुठं?"

तसंच झालं. दिवाळीपर्यंत बरीच रोपं माना टाकून बसली आणि फेब्रुवारीत बघावं तर शंभरांतली दहाही हिरवी नव्हती. खणलेल्या भागात गवतही नीट आलं नाही. जानकीबाईच्या पेंढ्या निम्म्यावर आल्या. ती विळ्याची धार बोटानं बघत राहिली.

मार्चमध्ये सरपोतदार घाईघाईनं आले. पैसे देणाऱ्यांचा तपासणी अधिकारी परवा येणार होता. उद्या सकाळी टेंपो येईल, त्यात बाभळीच्या हिरव्या फांद्या असतील. रस्त्याकडेनं दिसणाऱ्या खड्ड्यांत एकेक रोवायची, वर पाणी मारायचं.

नरेंद्रला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "फांद्या रोवायच्या? मेलेल्या?"

"दोन दिवस हिरव्या राहतात. तेवढंच लागतं."

दुसऱ्या दिवशी बायका फांद्या रोवत होत्या आणि नरेंद्र खड्डे मोजत फिरत होता. जानकीबाईनं हातातली फांदी खाली टाकली.

"मढ्याला नटवतोस काय रे?"

"काकी, नोकरी हाय माझी."

"मग कर नोकरी." ती बाजूला थुंकली. "ती वही घेऊन माझ्या मागं फिरलास तवा मला वाटलं, शिकलेला पोरगा हाय, आमच्या माळाचं नाव कुठंतरी लिहील. पंचायतीत तो कागद वाचला, त्यात तू लिहिलंस काय? ओसाड!"

"मी नाय लिहिलं ते."

"खाली नाव कुणाचं हाय?"

जानकीबाई निघून गेली, तिच्यामागून फांद्या रोवणारी रंभाही गेली. उरलेल्या फांद्या त्यानं स्वतःच्या हातानं रोवल्या. संध्याकाळी साबणानं तीनदा हात धुतले तरी बाभळीचा चिकटा जाईना.

अधिकारी आला. टोपी, काळा चष्मा, उन्हानं वैतागलेला. सरपोतदार त्याला एकेक ओळ दाखवत होते. माळावरचं खरं काय ते या माणसाला कळलं तरी पुरे, असं नरेंद्रच्या मनात आलं आणि त्यानं पुढं होऊन समोरची फांदी उपसली. तिरकस कापलेलं टोक अधिकाऱ्यासमोर धरलं.

"साहेब, हिला मूळ नाहीये. एकीलाही नाहीये. काल रोवल्यात."

सरपोतदारांचा चेहरा पांढरा पडला. अधिकाऱ्यानं फांदी बघितली, घड्याळ बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "ती परत लाव. फोटो काढायचाय."

नरेंद्रला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. इथं फसवलं जाणारं कोणीच नव्हतं. त्यानं फांदी अधिकाऱ्याच्या पायाशी टाकली, खिशातली शिट्टी आणि ओळखपत्र सरपोतदारांच्या हातात दिलं आणि उतरणीला लागला.

त्या रात्री आई रडली. सकाळी तो सत्तावीस पानांची वही घेऊन जानकीबाईच्या ओट्यावर गेला. तिनं बस म्हटलं नाही. तो उभाच राहून म्हणाला, "पुढल्या महिन्यात ग्रामसभा हाय. संस्थेला उरलेला निम्मा माळबी पायजे. मी ही वही वाचणार. पण मी एकट्यानं वाचून कोण ऐकणार?"

तिनं निवडत असलेल्या तांदळातला खडा काढून टाकला आणि म्हणाली, "माझं नाव घालशील त्यात?"

"पहिल्या पानावर."

सभेत नरेंद्र गवताचं नाव वाचायचा आणि जानकीबाई ते कुठं येतं, कोणतं जनावर खातं, ते सांगायची. तिसऱ्या-चौथ्या नावानंतर मागच्या बायकाही बोलू लागल्या. उरलेला माळ गुरचरण आणि गवतासाठी राखायचा ठराव झाला. खणलेला निम्मा भाग मात्र गेला तो गेलाच. आठ महिन्यांनी नरेंद्र धसईच्या शाळेत विज्ञान शिकवू लागला.

दोन हजार चार सालच्या जानेवारीत तो मामाकडे शहापूरला गेला होता. एसटी स्टँडच्या भिंतीवर एक मोठं पोस्टर होतं. त्याच संस्थेचं. त्यावर त्याच्याच गावचा माळ, रोवलेल्या फांद्या हिरव्यागार, आणि पुढं टोपीवाला अधिकारी हसतो आहे. खाली लिहिलं होतं: 'ओसाड माळरानावर नंदनवन. आता डोळखांब परिसरातही.'

तिथल्याच पानवाल्याला त्यानं विचारलं, हे डोळखांबला नेमकं कुठं? पानवाल्यानं गाव सांगितलं. येत्या बुधवारी तिथं लोकांना समजावायला सभा होती म्हणे.

नरेंद्रनं मामाकडून जानकीबाईच्या शेजाऱ्याला फोन लावला आणि तिला बोलावून घेतलं.

"काकी, इथला पानवाला म्हणतो, संस्थेची बुधवारी डोळखांबला सभा हाय. येशील काय?"

"कापणी चाललीय रे."

"एकच दिवस."

पलीकडे ती कोणाला तरी गाय बांधायला सांगत होती. मग म्हणाली, "यायचं तर पहिल्या गाडीनं येते. वही तुझ्याकडंच हाय ना?"

"हाय."

"आण मग. आणि तो पानवाला काय म्हणतो विचार, तिथल्या माळावर पवना हाय काय?"