झरोक्यातील नावे

इसवी सन दोन हजार पंचवीस, नोव्हेंबर महिन्याचा तिसरा सोमवार, प्रार्थना संपून पहिला तास सुरू होण्याची वेळ; स्थळ, अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात मिरजगावच्या पूर्वेस वसलेल्या पळसमाळ गावचे माध्यमिक विद्यालय, इयत्ता नववीचा वर्ग. या वेळी व या स्थळी विज्ञानाचे शिक्षक आदिनाथ पठारे एका बाकावर दुसरे बाक ठेवून त्यावर उभे होते आणि त्यांच्या हातात पेटलेली उदबत्ती होती.

"सर, आरती कुणाची?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"हवेची," पठारे वरूनच म्हणाले. "आधी देव देवळात आहे का, एवढे पाहू दे. टाळ्या नंतर वाजवा."

वर्ग हसला. दाराजवळच्या बाकावर बसलेली संस्कृती बडे मात्र हसली नाही. हसले की तिला खोकला येई, आणि खोकला आला की पुढचे तिच्या हाती राहत नसे. आदल्या आठवड्यात भूगोलाच्या तासाला तिचा श्वास असा कोंडला, की मुख्याध्यापकांनी स्वतःच्या गाडीत घालून तिला मिरजगावच्या दवाखान्यात नेले होते. डॉक्टरांनी वाफ दिली, ओढण्याचा पंप लिहून दिला आणि शेवटी एक वाक्य सुनावले: दमा औषधाने आवरेल, पण मुलगी याच कोंदट खोलीत दिवसभर बसणार असेल, तर औषधाला दोष देऊ नका.

हे वाक्य श्रीरामपूरकडच्या उसाच्या फडात पोहोचायला वेळ लागला नाही. संस्कृतीचे आईवडील दिवाळी होताच तोडीला गेले होते आणि मुलगी शाळेपायी आजीजवळ, छबूबाईंजवळ, मागे राहिली होती. आई ज्योती फोनवर म्हणाली, "वर्गात बसवत नसंल, तर तिला घरी ठिवून काय करायचं? हितं मोळ्या बांधायला मानूस कमी हाय." संस्कृतीने हे पठाऱ्यांना जसेच्या तसे सांगितले आणि सांगून झाल्यावर एवढेच म्हणाली, "सर, मला इथंच बसायचंय."

फडात गेलेली मुलगी मार्चनंतर शाळेत परत येते, असे पुस्तकात लिहिता येईल. पठाऱ्यांनी आपल्या नोकरीत अशी परत आलेली मुलगी पाहिली नव्हती.

शाळेची इमारत दगडी, लोकवर्गणीतून उभी राहिलेली. चार खोल्या एका रांगेत, मधल्या भिंती सामाईक. पूर्वेच्या बाजूस खिडक्या होत्या. परंतु तिकडच्या माळावर बाहेरच्या एका कंत्राटदाराचा खडी क्रशर आला आणि खिडकी उघडताच वह्यांवर दगडाचे पीठ बसू लागले, तेव्हा त्या खिळे ठोकून बंद झाल्या. पश्चिमेस दार, दारापुढे व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या छताच्या वर, भिंतीच्या अगदी माथ्याशी, प्रत्येक खोलीला एक झरोका. जुन्या बांधणाऱ्याचा हिशोब सरळ होता: तापलेली हवा वर चढते, तिला वरून वाट द्यावी. अलीकडे सरकारी योजनेतून प्रत्येक झरोक्यात एक एक्झॉस्ट फॅन बसला होता. शाळांमधील हवेची पाहणी करा, असा आदेश वरून आला. मुख्याध्यापकांनी तो विज्ञानाचा विषय म्हणून पठाऱ्यांकडे दिला, आणि पठाऱ्यांना तो संस्कृतीच्या बाकाशी नेऊन पोहोचवणारा वाटला.

"बटण दाबा," त्यांनी सांगितले.

फॅन सुरू झाला. घरघर आवाज सगळ्या खोलीत भरला. पठाऱ्यांनी उदबत्ती पात्यांसमोर धरली. धूर पंख्याकडे ओढला गेला, क्षणभर आत दिसेनासा झाला, आणि मग कडेच्या पट्टीतून वळसा घेऊन त्यांच्याच चष्म्यावर परतला. त्यांनी उदबत्ती डावीकडे नेली, उजवीकडे नेली, खाली धरली. प्रत्येक वेळी धूर माघारी आला.

"बंद करा."

पाती थांबल्यावर त्यांनी मोबाईलचा उजेड आत सोडला. पात्यांच्या पाठीमागे चार बोटांवर सिमेंटचा ओघळ होता आणि त्यापलीकडे संगमरवराची खडबडीत, पांढरी पाठ.

तो दगड कोणता, हे त्यांना बाहेर जाऊन पाहण्याची गरज नव्हती. झेंडावंदनाला उभे राहिल्यावर समोर, व्हरांड्याच्या वर, एका रेषेत चार संगमरवरी फलक दिसतात: अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक यांच्या स्मरणार्थ. शाळेला फरशी बसवली तेव्हा ज्या चार घरांनी मोठा वाटा उचलला, त्या घरांतील दिवंगतांची ती नावे. फलक कोठे बसवावेत, असा प्रश्न निघाला तेव्हा गवंडी म्हणाला होता, "भित कशाला फोडायची? चौकट तयारच हाय." आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. ज्या माळावर वारा कधी बोलावून आणावा लागला नाही, त्या माळावरच्या माणसाला भिंतीतले भोक म्हणजे अर्धवट राहिलेले बांधकाम वाटते. पुढे फॅनवाला आला; त्याला आतून चौकट मिळाली, त्याने आतून फॅन ठोकला. फॅन भिंतीला बसवायचा होता, हवेसाठी नव्हे. बाहेरून फलक सगळ्यांनी पाहिला होता, आतून फॅन सगळ्यांनी पाहिला होता, पठाऱ्यांनीही. दोन्ही एकाच भोकात आहेत, हे मनात जुळवण्याची वेळ कोणावर आली नव्हती.

नववीच्या वर्गावरचा फलक डावीकडून दुसरा. त्यावरचे नाव: कै. आसाराम बडे. संस्कृतीचे आजोबा.

मुख्याध्यापक बिभीषण तनपुरे यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"पठारे, फॅन आहे. फिरतो. आवाजसुद्धा करतो. आणखी फॅनकडून माणसाने काय अपेक्षा करावी?"

"हवेची, सर."

"ते वरच्यांनी विचारलेले नाही. आहे का, चालतो का, एवढेच विचारले आहे."

"आपण विचारू शकतो."

"तुम्ही कोणाशीही वाद घालू शकता, ते मला ठाऊक आहे. दगडाशी घालून पाहा." तनपुऱ्यांनी चष्मा पुसला. त्यांच्या बोलण्यात उपहास होता, पण मुलीचे डोके मांडीवर घेऊन दवाखान्यात बसलेला माणूसही तेच होते. "मला मार्ग सुचवा. मी अडवणार नाही. फक्त शाळा समितीच्या ठरावाशिवाय त्या फलकांना माझा हात लागणार नाही."

मार्ग सुचत नव्हते असे नाही. एकेक सुचला आणि एकेक मावळला. वर्ग बदलावा, तर चारही खोल्यांची गत तीच. झाडाखाली बसवावे, तर क्रशरचे पीठ. दारात बसवावे, तर मुलगी दारातच बसत होती, आणि भूगोलाच्या तासालाही ती दारातच होती. भिंतीत नवे भोक पाडावे, तर छताचा सारा भार त्याच भिंतीवर. तपासल्यावाचून हात लावू नका, असे बांधकाम खात्याच्या अभियंत्याने फोनवर बजावले, आणि तपासायला कधी येणार ते सांगितले नाही. राहिला एकच उपाय, आणि तो इतका साधा होता की पठाऱ्यांना त्याच्याविषयी शंकाच आली नाही: चारही फलक सन्मानाने उतरवावेत, व्हरांड्याच्या चार खांबांवर एका उंचीवर बसवावेत, आणि झरोके हवेला परत द्यावेत.

समितीचे अध्यक्ष रविराज वाबळे त्यांना आपल्या कांद्याच्या चाळीपाशी भेटले. डावीकडून पहिला फलक त्यांच्या आजोबांचा. चाळीतला उरलासुरला उन्हाळी कांदा बायका निवडत होत्या. चाळीच्या चारी भिंती लाकडी पट्ट्यांच्या, पट्टीपट्टीत बोटभर फट, आणि तळही जमिनीपासून उचललेला.

"या फटी कशासाठी हो?" पठाऱ्यांनी विचारले.

"सर, चेष्टा करताय का? वारा नाही लागला तर कांदा सडंल."

"तेच म्हणायला आलो आहे."

रविराज हसले. बसायला खुर्ची मागवली, चहा मागवला आणि पठाऱ्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "कांदा सडला तर तोटा दिसतो, सर. तुमचं खोटं नाही म्हणत मी. पण आमच्या दगडाखालच्या खोलीत दमा कोणाला आहे? वर्ग बडेंच्या पोरीचा, दगड बडेंच्या म्हाताऱ्याचा. त्यांचा तेवढा काढा. मी आत्ता सही देतो."

"एकट्याचा का? चारही एकदम उतरले, तर कोणाचाच मान जात नाही."

"मान जात नाही असं तुम्ही म्हणता. गाव म्हणंल, वाबळ्यांच्या नातवानं आज्याला खांबावर बांधला." निवडणाऱ्या बायकांपैकी एक तोंडाला पदर लावून हसली. "बाकी दोघांनाही विचारून बघा. तेही हेच सांगतील. आधी बडेंचा उतरू द्या. मग पुढचं पुढं."

बाकीच्या दोघांनी खरोखरच तेच सांगितले; एकाने तर तेच शब्द वापरले.

म्हणून बुधवारी शाळा सुटल्यावर पठारे बडे वस्तीवर गेले. एक फलक उतरला तरी एक खोली श्वास घेईल, आणि ती खोली हवी होती तीच आहे, असे त्यांनी स्वतःस समजावले होते. युक्तिवाद निर्दोष होता. छबूबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. संस्कृती चुलीपासून दूर, लिंबाखाली अभ्यासाला बसली होती.

"या मास्तर. पोरीनं काय केलं?"

"काही नाही, आजी. तिच्यासाठीच आलो आहे."

त्यांनी उदबत्तीची गोष्ट सांगितली, फॅनची सांगितली, पाठीमागच्या दगडाची सांगितली. छबूबाईंचे सूप हळूहळू थांबले.

"म्हंजी माझ्या मालकानं पोरीचा वारा अडिवला म्हना की."

"दगडाने अडवला. नाव आपण खांबावर लावू. जवळून दिसेल, सगळ्यांना वाचता येईल."

"आन् वाबळ्याचं?"

पठाऱ्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना खोटे बोलता येत नसे, आणि वाद घालणाऱ्या माणसाची ही मोठी अडचण असते.

"वाबळ्याचं वर, आमचं खाली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "दगड बशिवला तवा म्हनले हुते लोक, कोयत्याच्या मानसाचं नाव कशाला त्या रांगंत? फरशीला आमचं बी तेवढंच गेलं हुतं, म्हनून तोंडं मिटली. आता तुमी उतरिवला की तीच तोंडं उघडतील. म्हनतील, बगा, ऱ्हायला का वर?"

"आजी, लोकांची तोंडे एकीकडे आणि मुलीचा श्वास एकीकडे. तोलून पाहा."

"तोलतीया की." त्यांनी सूप बाजूला ठेवले. "मास्तर, मला वाचता येत न्हाई. झेंड्याला मी जाती तवा डावीकडून दुसरा दगड बगती. त्यो माझा मानूस. तेवढंच मला वळखू येतं. खांबावर नेला तर मी कुनापुढं हात जोडू?"

"मी दाखवीन. संस्कृती दाखवील, ती वाचते."

लिंबाखालून संस्कृतीने मान वर केली. "आजी, मी दर वेळी हात धरून नेईन तुला," ती म्हणाली.  

"तू शिकून गेल्यावर कोन नेईल गं?" छबूबाई नातीकडे पाहत म्हणाल्या, आणि मग पठाऱ्यांकडे वळल्या. "चारी उतरवा, मास्तर. मी सोता पयली पहार घिऊन येती. एकटा न्हाई उतरायचा."

"बाकीचे तिघे तयार नाहीत. मी सगळ्यांच्या दारी जाऊन आलो."

"मंग मला एकलीलाच का इचारता?"

या प्रश्नाला उत्तर होते. तुमचीच नात आहे, एवढे म्हटले की उत्तर पुरे झाले असते. परंतु ते उच्चारताना त्याचा खरा अर्थ पठाऱ्यांना उमगला: जे गमावणार आहेत, त्यांच्याकडेच आणखी मागावे. अठ्ठावीस वर्षे वर्गात आणि वर्गाबाहेर कोणताही मुद्दा अनुत्तरित न सोडणारा माणूस ओट्याच्या कडेला बसला आणि दुसऱ्याच मुद्द्याकडे वळला.

"तिथे फडात तिला मोळ्या बांधाव्या लागतील," ते म्हणाले.

"बांधंल. आमी न्हाई बांधल्या?"

"शाळा सुटेल."

"व्हय." छबूबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही, सूप पुन्हा हाती घेतले. "पन दिवाळी झाल्यावर आईबापाला पोचवायला गेली हुती माझ्यासंगं फडाच्या तळावर, तवा एक डाव खोकली न्हाई. उगड्यावर झोपली, गाढ झोपली. तुमीच सांगा, तुमी इज्ञान शिकिवता. हवा कुठं हाय, तुमच्या वर्गात का तिकडं?"

 पाचट पेटवल्यानंतरचा धूर, कारखान्याची काजळी, झोपडीवजा कोपीतली चूल, थंडीतले धुके, सारे पठाऱ्यांच्या जिभेवर आले. आणि त्या साऱ्याच्या आड नववीच्या वर्गातली ती घरघर आली, दोन दिवसांपूर्वी चष्म्यावर परतलेला तो धूर आला. खोलीत हवा आहे, असे त्यांना म्हणता येईना. फडात नाही, असेही छातीठोकपणे म्हणता येईना.

लिंबाखाली संस्कृती पुस्तके एकावर एक रचत होती. मोठे खाली, लहान वर, कडा जुळवून. रचून झाल्यावर तिने ती दप्तरात भरली नाहीत. तशीच ओट्यावर, सरांच्या बाजूला आणून ठेवली. शाळेची होती ती.

"सर, पंप माझा आहे ना? का तोही शाळेचा?"

"तुझा," पठारे म्हणाले.

पूर्वेकडून क्रशरचा आवाज येत होता. पठारे उठले, पुस्तके उचलली, पुन्हा खाली ठेवली. "राहू देत तिच्याजवळ," ते म्हणाले. "शनिवारी समितीची बैठक आहे. मी पुन्हा मांडतो."

"मांडा की," छबूबाई म्हणाल्या, आणि सुपातली तूर एकदा झेलून त्यांनी सांगून टाकले, "नाव वरच ऱ्हाईल, मास्तर. पोर जाईल तिच्या आईबापाकडं."